शँपेनचे 'वर्ष' आणि बाटली उघडण्याची वेळ : नाशिकच्या फेसाळ वाईनच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

खानदेशात वर्षे आकड्यांपेक्षा पावसाने अधिक लक्षात राहतात. 'बहात्तरचा दुष्काळ' एवढे म्हटले की पहूर, शेंदुर्णी, जामनेर परिसरातील जुन्या पिढीतील माणसाला पुढे काही सांगावे लागत नाही. एकाच शेतातील एकाच वाणाचा कापूस एका साली वेगळा आणि दुसऱ्या साली वेगळा उतरतो, हेही येथे कोणास शिकवावे लागत नाही. फ्रान्सच्या ईशान्येकडील शँपेन प्रांतात हीच जाणीव बाटलीच्या लेबलवर चार आकड्यांत छापली जाते. १९९६, २००२, २००८ असा एखादा आकडा छापलेला असतो आणि त्या आकड्यावरून बाटलीची किंमत, तिची प्रतिष्ठा व ती केव्हा उघडावी याविषयीची मते ठरत जातात.

आपल्याकडे या विषयाचा विचार एका वेगळ्याच समजुतीतून होतो. जुना तांदूळ, जुना गूळ, जुनी चिंच यांची महती घराघरांत आहे. आयुर्वेदानेही नवे मद्य जड व दोषकारक आणि जुने मद्य हलके मानले आहे. त्यामुळे 'वाईन जितकी जुनी तितकी चांगली' हे विधान आपल्याला मुळीच परके वाटत नाही. फेसाळ वाईनच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्या भागाने पुष्कळ लोकांच्या चांगल्या बाटल्या वाया घालविल्या आहेत. त्यांपैकी एका बाटलीचा उल्लेख पुढे येईल.

प्रस्तुत लेखात शँपेनमधील वर्षांची तुलना कशाच्या आधारे केली जाते, 'पिण्याची योग्य वेळ' या संकल्पनेमागील शास्त्र कोणते आणि नाशिक-नारायणगाव पट्ट्यातील फेसाळ वाईनला तेच माप लावता येईल काय, याचा विचार केला आहे. मद्यपानाचा पुरस्कार हा लेखाचा हेतू नाही. फळप्रक्रिया, रसायनशास्त्र, हवामान आणि शेतमालाची बाजारपेठ या चारही विषयांच्या सीमेवर हा प्रश्न उभा आहे, म्हणून तो अभ्यासाचा विषय होतो. येथे दिलेली वर्षांची पारख त्या त्या हंगामाच्या हवामानावर आणि या क्षेत्रातील जाणकारांच्या सर्वसाधारण मतावर आधारलेली आहे.

बाटलीतील दुसरे किण्वन :

जळगावच्या वाचकाला केळीच्या उदाहरणाने ही गोष्ट लवकर समजेल. केळीचा घड हिरवा कापला तरी पुढे पिकतो. इथिलीनच्या साहाय्याने तो हवा तेव्हा पिकविताही येतो. द्राक्षाचे तसे नाही. वेलीवरून तोडल्याक्षणी त्याचे पिकणे थांबते. तोडणीच्या दिवशी फळात जेवढी साखर आणि जेवढे आम्ल असेल, तेवढीच पुंजी घेऊन द्राक्ष कारखान्यात येते. वाईन मात्र पुढे बाटलीत पिकते आणि ती किती काळ पिकू शकेल हे मुख्यत्वे या पुंजीवर, त्यातही आम्लावर ठरते.

शँपेन प्रामुख्याने शार्दोने, पिनो न्वार आणि म्यूनिए या तीन जातींच्या द्राक्षांपासून होते. प्रथम साधी, बुडबुडे नसलेली, बरीच आंबट वाईन तयार करतात. ती बाटलीत भरताना लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत दुसरे किण्वन होते. त्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडला बाहेर जायला वाट नसल्याने तो वाईनमध्येच विरघळतो आणि बाटलीतील दाब सहा वातावरणांच्या आसपास जातो. मोटारीच्या चाकातील हवेच्या दुपटीहून अधिक असा हा दाब होय. साखर संपल्यावर यीस्ट मरते व तळाशी साका बसतो. सर्व रहस्य या साक्यात आहे. मृत यीस्टपेशी हळूहळू विघटन पावतात, त्यांतील प्रथिनयुक्त घटक वाईनमध्ये उतरतात आणि ताज्या पावाचा, भाजलेल्या बदामाचा असा गंध येऊ लागतो. त्याच वेळी हा साका आत शिरणारा थोडासा प्राणवायू शोषून घेतो. साक्यावर पडून असलेली वाईन म्हणूनच आश्चर्यकारकरीत्या तरुण राहते.

पुढे बाटल्या थोड्या थोड्या फिरवून तोंडाकडे कलत्या करतात, साका बुचाशी आणतात, तोंडाकडील भाग गोठवून तो दाबाने बाहेर उडवितात. या क्रियेस फ्रेंचमध्ये देगॉर्जमाँ म्हणतात. रिकाम्या झालेल्या जागेत वाईन व थोडी साखर घालून नवे बूच बसवितात. ब्रूट या प्रकारात अंतिम साखर लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी असते. वर्ष न छापलेल्या शँपेनला बाटलीत किमान १५ महिने आणि वर्षांकित शँपेनला किमान तीन वर्षे काढावीच लागतात, असा तेथील नियम आहे. प्रतिष्ठित पेढ्यांची सर्वोच्च वाईन याहून फार अधिक काळ, सात-आठ वर्षे किंवा जास्त, तळघरात ठेवली जाते.

एका बाटलीच्या दोन तारखा :

लेबलवरील वर्ष हे द्राक्षतोडणीचे वर्ष होय. वाईन साक्यापासून वेगळी केव्हा झाली, ही दुसरी तारीख त्यावरून कळत नाही. प्रत्यक्षात वाईनचे वय मोजण्याची दोन घड्याळे आहेत. पहिले तोडणीपासून चालू होते आणि साक्याच्या संरक्षणाखाली फार मंद चालते. दुसरे साका काढला की चालू होते आणि प्राणवायूच्या संपर्काने वेगाने चालते. एकाच वर्षाच्या, एकाच पेढीच्या दोन बाटल्या, एक आठ वर्षांनी आणि दुसरी पंधरा वर्षांनी साक्यापासून वेगळी केलेली, शेजारी ठेवल्या तर उशिरा वेगळी केलेली बाटली अधिक टवटवीत लागू शकते. बोलँजे या पेढीने १९५२ च्या वाईनपासून ही कल्पना बाजारात आणली आणि १९६७ मध्ये 'नुकताच साका काढलेली' जुनी वाईन म्हणून ती विकली. डोम पेरिन्याँमध्येही एकाच वर्षाची वाईन सुमारे आठ, पंधरा आणि पंचवीसहून अधिक वर्षांनी अशी तीन वेळा बाहेर काढण्याची पद्धत आहे. त्या टप्प्यांना तेथे 'परिपूर्णता' असे नाव आहे. नाव थोडे भारदस्त आहे, पण कल्पना खरी आहे.

काळ वाईनवर कसे काम करतो याचा एक विलक्षण पुरावा २०१० मध्ये हाती आला. फिनलंडच्या ऑलंड बेटांजवळ बाल्टिक समुद्रात सुमारे ५० मीटर खोलीवर एका बुडालेल्या जहाजात १६८ बाटल्या सापडल्या. त्या जवळजवळ १७० वर्षे पाण्याखाली होत्या. रासायनिक पृथक्करणात त्यांत लिटरमागे सुमारे १५० ग्रॅम साखर आढळली, म्हणजे आजच्या ब्रूटच्या कितीतरी पट. त्या काळची आवडच तशी होती. त्यांतील काही बाटल्यांमधील वाईन पिण्याजोगी राहिली, याचे श्रेय कोणत्याही थोर वर्षास देता येत नाही. दोन ते चार अंश सेल्सिअसचे पाणी, संपूर्ण अंधार आणि स्थिरता यांना ते द्यावे लागते.

वर्षांची तुलना :

शँपेन प्रांत सुमारे ४९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. द्राक्ष पिकण्याची ती जवळजवळ उत्तर सीमाच होती. एप्रिलमधील हिमकडाका कोंब जाळतो, जूनमधील पाऊस फुलोरा बिघडवितो, सप्टेंबरमधील ओल फळ कुजविते. म्हणूनच अनेक वर्षांच्या वाईन एकत्र मिसळून वर्षाविना शँपेन करण्याची प्रथा पडली. ती मूलतः एक प्रकारचा पीकविमा आहे. एखादे वर्ष स्वतःच्या पायावर उभे राहू शकेल असे वाटले तरच ते जाहीर करावयाचे. डोम पेरिन्याँचे पहिले वर्ष १९२१ चे. ती वाईन १९३६ मध्ये बाजारात आली. सलाँ ही पेढी एकाच गावातील केवळ शार्दोनेपासून वाईन करते आणि विसाव्या शतकातील शंभर वर्षांपैकी चाळीसहून कमी वर्षे तिला पात्र वाटली. याउलट क्रुगची 'ग्राँद क्युव्हे' अनेक वर्षांच्या मिश्रणाची असूनही प्रतिष्ठेत कोणत्याही वर्षांकित वाईनच्या बरोबरीने बसते. वर्ष छापले म्हणजे श्रेष्ठ आणि न छापले म्हणजे कनिष्ठ हा निकष, तेव्हा, टिकत नाही.

अलीकडच्या वर्षांत २००८ व २००९ ही जोडी सर्वांत बोधप्रद आहे. २००८ चा उन्हाळा थंड व ढगाळ गेला, सप्टेंबरने हंगाम सावरला. आम्ल उंच राहिले. २००९ ऊबदार होते, फळ भरघोस पिकले, वाईन मऊ व लवकर खुलणारी झाली. परिणामी डोम पेरिन्याँ व लुई रोडेरेरची 'क्रिस्टल' या दोन्हींनी २००९ आधी बाजारात आणले आणि २००८ नंतर. थोरला अजून तयार नाही म्हणून धाकट्याचे लग्न आधी लावावे, तसाच हा प्रकार होय. पिण्याच्या दृष्टीनेही क्रम तोच ठेवावा. २००९ आता उघडण्यास हरकत नाही. २००८ आज रुचकर असले तरी नीट साठवलेल्या बाटलीस अजून दहा-पंधरा वर्षे सहज आहेत.

१९९६ ची कथा सावधगिरीची आहे. त्या वर्षी साखर व आम्ल दोन्ही असामान्य उंचीवर होती आणि हे शतकातील थोर वर्ष ठरेल असे अनेकांनी सांगितले. काही बाटल्यांनी ते खरे केले. काहींत मात्र फळाचा स्वाद आधी ओसरला आणि आम्ल एकटेच उरले. आम्ल म्हणजे आयुष्य हे खरे असले तरी त्या आयुष्यात जगण्यासारखे काही शिल्लक राहिले पाहिजे, एवढा धडा यातून मिळतो. १९९६ ज्याच्याकडे असेल त्याने आता थांबण्यात अर्थ नाही. २००२ हे त्या मानाने समतोल वर्ष. त्याच्या उत्तम बाटल्या सध्या भर परिपक्वतेत आहेत.

२००३ हे वर्ष आपल्यासाठी विशेष महत्त्वाचे आहे. एप्रिलच्या हिमकडाक्याने निम्म्याच्या आसपास पीक नेले आणि नंतर युरोपभर उष्णतेची लाट आली. एरवी सप्टेंबरमध्ये होणारी तोडणी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातच सुरू करावी लागली. साखर भरपूर, आम्ल अत्यल्प. अनेक पेढ्यांनी हे वर्ष जाहीरच केले नाही. डोम पेरिन्याँने केले आणि त्यावर बराच वाद झाला. बहुतेक २००३ आता उतरणीला लागली असावी. तेव्हा अपवाद वाटलेली ऑगस्टमधील तोडणी पुढे २०१८, २०२० आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. दरम्यान २०१२ मध्ये हिमकडाका, गारा व केवडा रोगाने पीक थोडेच हाती लागले, परंतु जे लागले ते उत्कृष्ट होते. ही वाईन आता खुलू लागली आहे आणि घाई नसेल तर तिला वेळ द्यावा. २०११ विषयी फार लिहिण्यासारखे नाही.

नारायणगाव ते दिंडोरी :

'शँपेन' हे नाव त्या प्रांताबाहेरील वाईनला वापरता येत नाही. 'जळगाव केळी' आणि 'जळगाव भरीत वांगी' यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागील तत्त्व हेच आहे. पद्धत मात्र कोणासही वापरता येते. महाराष्ट्रात ती प्रथम १९८० च्या दशकात जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे आली. शामराव चौगुले यांच्या शातो इंडाज या उद्योगाने पायपर-हाइडसिक या शँपेन पेढीच्या तांत्रिक साहाय्याने बाटलीत किण्वन केलेली फेसाळ वाईन तयार केली. 'ओमर खय्याम' या नावाने ती युरोपात निर्यात झाली. भारतातील दऱ्याखोऱ्यांतून अशी वाईन येते याचे तेथे कौतुक झाले. हा उद्योग २००९ च्या सुमारास आर्थिक संकटात सापडला व पुढे बंद पडला, ही खेदाची गोष्ट आहे. नाशिकमध्ये राजीव सामंत यांनी स्थापन केलेल्या सुला या कंपनीने ही परंपरा पुढे नेली. २०१३ मध्ये मोएत हेनेसी या समूहाने 'शाँदों' ही फेसाळ वाईन भारतात आणली व पुढे दिंडोरी येथे स्वतःची वायनरी उभारली. ज्या समूहाकडे डोम पेरिन्याँ आहे, तोच समूह दिंडोरीत द्राक्ष घेतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तेव्हा प्रश्न असा की दिंडोरीचे 'वर्ष' एपर्नेच्या वर्षासारखे वाचावे काय? उत्तर शोधण्यासाठी आधी वेलीकडे पाहिले पाहिजे. शँपेनमध्ये वेल हिवाळ्यात झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटला जातो. सुमारे २० अंश अक्षांशावरील नाशिकला वेल झोपतच नाही. शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून घड घेतो. फळ हिवाळ्यात वाढते आणि जानेवारी ते मार्च या काळात तोडले जाते. युरोपात फळ थंडीकडे जाताना पिकते; आपल्याकडे ते उन्हाकडे जाताना पिकते. या एका वाक्यात दोन्ही ठिकाणच्या वाईनमधील बहुतेक फरक सामावतो. फेब्रुवारीत दिवस तापू लागले की द्राक्षातील मॅलिक आम्ल झपाट्याने घटते. म्हणून फेसाळ वाईनसाठी चेनिन ब्लाँ, शार्दोने, पिनो न्वार ही द्राक्षे हंगामाच्या आरंभी, साखर पुरती चढण्याआधी आणि शक्यतो उन्हे चढण्यापूर्वी तोडावी लागतात. निफाडचा पारा खाली गेला की वर्तमानपत्रांत बातमी येते. फेसाळ वाईनच्या दृष्टीने ती शुभवार्ताच असते.

म्हणजे शँपेनला २००३ मध्ये जे अपवादाने भोगावे लागले, त्याच्याशी नाशिकचा सामना दर वर्षी आहे. आम्लाची पुंजी मुळात कमी असल्याने बाटलीत दीर्घकाळ पिकण्याची शक्ती मर्यादित राहते. हा वाईनचा दोष नव्हे, तिचा स्वभाव होय. माझे स्पष्ट मत असे की नाशिकची फेसाळ वाईन विकत घेतल्यापासून एक-दोन वर्षांत प्यावी. तिला 'जुनी' करण्याचा मोह धरू नये. शाँदोंची नाशिकची ब्रूट वर्षाविना विकली जाते, हे या दृष्टीने योग्यच आहे.

याचा अर्थ नाशिकला वर्षे नसतात असा नाही. फक्त त्यांची भाषा वेगळी आहे. तेथे हिमकडाका नाही, अवकाळी आहे. नोव्हेंबर २००९ मधील फयान वादळाच्या पावसाने फुलोऱ्यातील बागांवर केवडा आणला. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने तोडणीस आलेले घड झोडपले. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ च्या लांबलेल्या पावसाने छाटणीनंतरच्या बागा नेल्या. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाड भागात पुन्हा गारा पडल्या. शिवाय छाटणी एका कॅलेंडर वर्षात आणि तोडणी पुढच्या वर्षात होते. २०१९ च्या पावसाची खूण म्हणूनच २०२० च्या वाईनमध्ये शोधावी लागते. नाशिकच्या वर्षांची पद्धतशीर नोंद झाली तर तिचा उपयोग पिणाऱ्यापेक्षा बागायतदारास अधिक होईल.

कारण वेळेची किंमत कोणीतरी मोजतच असतो. शँपेनमध्ये आठ वर्षे तळघरात पडलेली बाटली म्हणजे आठ वर्षे अडकलेले भांडवल. मोठ्या पेढीला ते पेलते. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले, विंचूर व पलूस येथे वाईन पार्क झाले आणि अनेक लहान वायनऱ्या उभ्या राहिल्या. पुढे २००८-१० च्या मंदीत माल तुंबला. वाईनद्राक्षांना गिऱ्हाईक न मिळाल्याने कित्येक शेतकऱ्यांनी बागा काढून टाकल्या. तरुणपणीच उत्तम लागणारी वाईन लहान उत्पादकास परवडते आणि शेतकऱ्याचे पैसे त्याच हंगामात सुटू शकतात. दीर्घकाळ पिकणाऱ्या वाईनची नक्कल करण्यापेक्षा या स्वभावाचा अभिमान धरणे नाशिकच्या हिताचे आहे. मात्र वर्ष छापले नाही तरी साका काढल्याचा महिना लेबलवर छापावा. क्रुगसारखी पेढी बाटलीवरील क्रमांकाद्वारे ही माहिती ग्राहकास देते. नाशिकलाही त्यास फारसा खर्च येणार नाही.

साठवण व खानदेशचे ऊन :

वर दिलेली पिण्याची सर्व वर्षे एका अटीवर अवलंबून आहेत. बाटली दहा-बारा अंशांच्या, अंधाऱ्या, स्थिर जागी असली पाहिजे. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो. जळगावचा पारा मे महिन्यात ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि बंद खोलीतील लोखंडी कपाट रात्रीही निवत नाही. उष्णतेने बाटलीतील दाब वाढतो, बूच ढिले होते, वायू निसटतो आणि त्या वाटेने प्राणवायू आत येतो. प्रकाशही घातक आहे. क्रिस्टलची बाटली रशियाच्या झारसाठी पारदर्शक केली गेली, म्हणूनच ती आजही पिवळसर कागदात गुंडाळून विकली जाते. तो कागद शोभेचा समजून काढून ठेवू नये.

आमच्या घरी परदेशातून आलेल्या एका नातेवाइकाने शँपेनची बाटली भेट दिली होती. त्या बाटलीवर वर्ष नव्हते. काही चांगला प्रसंग येईपर्यंत राहू द्यावी म्हणून ती कपड्यांच्या कपाटात उभी ठेवली गेली आणि नऊ उन्हाळे तेथेच राहिली. कायद्याने लागणारा परवाना काढून अखेर ती उघडली तेव्हा बुचाचा आवाज झाला नाही. पेल्यात उतरलेले द्रव्य चहाच्या रंगाचे होते, बुडबुडा एकही नव्हता आणि वास डागाळलेल्या सफरचंदाचा होता. जमलेल्यांपैकी एका वडीलधाऱ्यांनी घोट घेऊन सांगितले, 'जुनी आहे ना, अशीच लागायची.' सर्वांनी मान डोलावली. ती बाटली भेट मिळाली त्याच आठवड्यात उघडावयास हवी होती.